अजब बंगल्यात पोट्ट्यांच्या हाती मोबाईल द्यावा का? सातवीची सहल आहे, सुचवा

धरमपेठची_मास्तरीण | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी नागपुरातल्या एका मराठी शाळेत सातवीला इतिहास शिकवते. पुढच्या महिन्यात बेचाळीस मुलांना घेऊन मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, जायचं आहे.

दरवर्षी एकच चित्र असतं. पोरं रांगेत शिरतात, पहिल्या दालनात थोडी रेंगाळतात, मग त्यांचा वेग वाढत जातो आणि चाळीस मिनिटांत सगळी बाहेर हिरवळीवर डबे उघडून बसलेली असतात. परतताना विचारलं की "वाघ पाहिला, तलवारी पाहिल्या." १८६३ साली सुरू झालेलं संग्रहालय, त्यात शिल्पं, शिलालेख, नाणी, पक्षी, आदिवासी जीवन, आणि पोरांच्या डोक्यात उरतं एवढंच. दोष पोरांचा नाही. पाटीवर "दगडी मूर्ती, अमुक शतक" एवढंच लिहिलेलं असेल तर बारा वर्षांच्या मुलानं तिथे का थांबावं?

यंदा मोबाईलचा उपयोग करून पाहायचं मनात आहे. कोड स्कॅन केला की त्या वस्तूची गोष्ट मराठीतून कानावर पडेल, असं काहीतरी. पण धाकधूक आहे. मे महिन्यात दुसऱ्या एका शहरातल्या संग्रहालयात गेले होते. तिथे पाच वस्तूंजवळ कोड लावलेले, त्यातले तीन उघडलेच नाहीत. एक उघडला तो इंग्रजीत. सोबतच्या भाचीनं मग फोनवर दुसरंच काही पाहायला घेतलं. तसं होऊ द्यायचं नाही.

कोणी असं काही केलंय का? पैसे जवळपास नाहीत, वेळ महिनाभर आहे.

---

इतवारीकर | सोमवार, रात्री १०.०५

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. फोन नकोच. पोट्टे दिवसभर तेच पाहून राह्यले आहेत. निदान एक जागा तरी अशी असू द्या जिथं डोळे वर राहतील.

मी आठ वर्षांचा असताना आजोबांनी मला अजब बंगल्यात नेलं होतं. आम्ही तीनच वस्तू पाहिल्या. आजोबा एका मूर्तीसमोर बसकण मारत आणि म्हणत, "आता सांग, इच्या हातात काय हाय?" मी सांगायचो. "अजून पाह्य." मग मला आणखी काही दिसायचं. ती मूर्ती आजही डोळ्यांपुढे आहे. कोणतं ॲप हे करून देणार?

---

कोडवाला | सोमवार, रात्री १०.५०

@इतवारीकर दादा, तुमच्या आजोबांनी जे केलं तेच फोननं करायचं, मी तर असंच म्हणेन. बेचाळीस पोरांना बेचाळीस आजोबा कुठून आणणार?

ताई, मी आयटीत आहे, खामल्याला राहतो. ॲपच्या नादी लागू नका. ॲप डाऊनलोड करा, परवानग्या द्या, कोणाच्या फोनमध्ये जागा नाही, कोणाचा फोन जुना. दाराशीच अर्धा तास जाईल. साधा क्यूआर कोड पुरे. पाणीपुरीच्या ठेल्यावर पैसे देताना सगळ्यांना सवय झालेलीच आहे, शिकवावं लागत नाही.

तुमचे तीन कोड का उघडले नसतील, त्याचा माझा अंदाज सांगतो. फुकट कोड बनवून देणाऱ्या बऱ्याच साइट कोडमध्ये तुमच्या वेबपानाचा पत्ता घालतच नाहीत, स्वतःचा मधला पत्ता घालतात. मुदत संपली की तो मधला दुवा तुटतो आणि छापलेला कोड मेला. म्हणून "स्टॅटिक" कोड बनवा, ज्यात थेट तुमच्याच पानाचा पत्ता असेल. आणि पत्ता छोटा ठेवा. पत्ता लांबला की चौकोन बारीक आणि दाट होतात, मग जुन्या कॅमेऱ्याला ते वाचता येत नाहीत.

बाकी ध्यानात ठेवायचं: कोड चकचकीत कागदावर नको, दिव्याची तिरीप पडली की वाचला जात नाही. पांढऱ्या साध्या कागदावर काळा. जेवढ्या अंतरावरून वाचायचा त्याच्या साधारण दहावा भाग रुंदी ठेवा. हातभर अंतरावरून वाचायचा तर पाच सेंटिमीटर पुरे.

---

शिळालेख | मंगळवार, सकाळी ७.१५

कोडवाला यांचं सगळं बरोबर, पण कोड लावणार कुठे? संग्रहालयातल्या भिंतीवर, काचेवर, चौथऱ्यावर आपण काहीही चिकटवायचं नसतं. चिकटपट्टीचा डिंक दगडावर डाग पाडतो. माझी सूचना: कोड पोरांच्या गळ्यातल्या कार्डावर छापा. वस्तूचं छोटं चित्र आणि खाली कोड. आधी ती वस्तू दालनात शोधायची, सापडली की स्कॅन करायचं. शोधण्यातच अर्धी मजा आहे.

आणि आधी अभिरक्षकांना, म्हणजे क्युरेटरना, भेटून शाळेच्या लेटरहेडवर रीतसर परवानगी घ्या. फ्लॅश बंद ठेवायला पोरांना बजावून सांगा. कापड, कागद, जलरंगातली चित्रं यांच्यावर जगभरात ५० लक्स (प्रकाश मोजायचं माप) एवढाच मंद प्रकाश ठेवतात, कारण प्रकाशानं रंग उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही.

---

तर्री_पोहे | मंगळवार, सकाळी ७.३२

सहलीच्या दिवशी नाश्त्याची जबाबदारी मी घेतो. उपाशी पोट्टे वाकाटक पाहात नाहीत.

---

पुणेकर_मूळचा_महालचा | मंगळवार, सकाळी ११.२०

गंमत म्हणजे ही कल्पना वाटते तेवढी नवी नाही. ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात १९५२ साली लोक कानाला यंत्र लावून रेडिओलहरींवरून माहिती ऐकत फिरत होते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात २०१५ मध्ये एक ॲप आलं: हाडांच्या सापळ्यासमोर फोन धरला की पडद्यावर त्यावर मांस-कातडं चढायचं आणि प्राणी हलायचा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयाची पद्धत मला जास्त आवडली. तिथे तुम्ही फोनवरून प्रश्न टाइप करायचा आणि संग्रहालयातली जाणकार माणसं तिथल्या तिथे उत्तर द्यायची. म्हणजे यंत्र मध्ये, पण दोन्ही टोकांना माणूस.

आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं 'जतन' नावाची प्रणाली बनवली आहे. देशातल्या अनेक मोठ्या संग्रहालयांचा संग्रह तिच्यामुळे घरबसल्या पाहता येतो. ताई, नोंदी कशा लिहितात ते पाहायला उपयोग होईल.

---

धरमपेठची_मास्तरीण | मंगळवार, रात्री ९.१०

गळ्यातल्या कार्डाची कल्पना एकदम पटली! भिंतीला हात लावायचीच गरज नाही. इतवारीकर दादा, तुमचे आजोबा दिवसभर डोक्यातून गेले नाहीत. मी वीस वस्तूंची यादी केली होती, ती आठवर आणली.

आता अडचण अशी की वर्गातल्या निम्म्या मुलांना घरून फोन मिळणार नाही. दुसरं, जुन्या इमारतीच्या जाड भिंतींत रेंज येईल का?

---

कोडवाला | मंगळवार, रात्री ९.४५

दोन्हीला उपाय आहे. रेंजवर विसंबूच नका. एक मिनिटाचा आवाज ३२ केबीपीएसवर साठवला तर २४० केबी होतो. आठ वस्तू, प्रत्येकी एक मिनिट, दोन एमबीच्या आत. आदल्या दिवशी शाळेतच सगळे आवाज फोनमध्ये उतरवून घ्या, फायलींना कार्डावरचेच आकडे द्या. कोड चालला तर चालला, नाहीतर "पाच नंबर लाव."

आणि फोन मुलागणिक नकोच. चार-पाच जणांत एक. एकाच्या हाती फोन, एकाच्या हाती कार्ड, एकाच्या हाती वही. एकटा पोरगा फोन घेतला की गुंग होतो. चौघांत एक फोन असला की भांडतो, बोलतो, दाखवतो. माझ्या पोरीच्या वाढदिवसाला खजिना शोधायचा खेळ केला होता, तेव्हाचा अनुभव आहे.

---

आवाजी | बुधवार, दुपारी १.३०

मी पूर्ण अंध आहे. फोन टॉकबॅकवर वापरतो, म्हणजे पडद्यावरचं सगळं फोन वाचून दाखवतो. हा धागाही तसाच ऐकतोय. संग्रहालयात मी आयुष्यात दोनदा गेलो. दोन्ही वेळा सोबतचा मित्र पाटी वाचून पुढे निघाला आणि मी काचेवर हात ठेवून उभा. काच गार होती, एवढंच मला त्या संग्रहालयाबद्दल सांगता येईल.

ताई, तुम्ही आवाज रेकॉर्ड करणारच आहात तर वर्णन नीट करा, म्हणजे ते माझ्याही कामाचं होईल आणि तुमच्या डोळस पोरांच्याही. आधी वस्तू केवढी ते सांगा, पण सेंटिमीटरमध्ये नको. "तुमच्या कोपरापासून बोटाच्या टोकाएवढी." मग कशाची, मग वरून खाली. मूर्तीचा "उजवा हात" म्हणताना मूर्तीचा उजवा की बघणाऱ्याचा, ते पहिल्यांदाच सांगून टाका. "सुंदर", "अप्रतिम" हे शब्द गाळा, त्यांनी मला काही दिसत नाही. "बोटं अर्धवट मिटलेली, अंगठ्यावर कमळाचा देठ टेकलेला" म्हटलं की दिसतं.

---

इतवारीकर | बुधवार, दुपारी २.०५

@आवाजी भाऊ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझे आजोबा हेच करवून घेत होते माझ्याकडून, आता समजलं. फोनबद्दलचा माझा आग्रह थोडा सैल करतो. एकच अट: आवाजात उत्तर नको, प्रश्न हवा. आणि प्रश्न असा, की ज्याचं उत्तर फोनमध्ये नाही, समोरच्या वस्तूत आहे.

---

शिळालेख | बुधवार, रात्री १०.३०

इतवारीकर यांच्या अटीवरून एक वस्तू सुचवतो. गुंगेरियाचा ताम्रनिधी.

गुंगेरिया हे बालाघाट जिल्ह्यातलं खेडं. १८७० साली गुरं राखणाऱ्या पोरांना जमिनीतून धातू डोकावताना दिसला. खणल्यावर तांब्याची ४२४ अवजारं आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. पत्र्यांपैकी काही बैलाच्या डोक्याच्या आकाराचे. तेव्हा बालाघाट मध्य प्रांतात होता आणि प्रांताची राजधानी नागपूर, म्हणून त्यातल्या काही वस्तू आपल्याकडे आल्या. काही थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. आज बालाघाट मध्य प्रदेशात, म्हणून मुलांना हा धागा जुळत नाही.

आता पोरांना प्रश्न: तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडीला दांड्यासाठी भोक आहे का? नाही. मग दांडा बसवला कसा असेल?

आणि फोनचं खरं बळ मला इथे दिसतं. एकाच खड्ड्यातून निघालेल्या वस्तू दोन खंडांत विभागल्या गेल्या. काचेत नागपूरची कुऱ्हाड, हातातल्या पडद्यावर लंडनचा बैल. दीडशे वर्षांनी त्यांची शेजारशेजारी भेट. तसंच मनसरचं. रामटेकच्या वाटेवरच्या मनसरला सापडलेली लालसर दगडाची ती प्रसिद्ध शिवमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. विदर्भातलं पोरगं दिल्लीला कधी जाईल? फोनवर दाखवा, आणि मनसर आपल्यापासून किती किलोमीटर ते त्यालाच नकाशावर शोधू द्या.

---

डबल_इंजिन_बाबा | गुरुवार, सकाळी ६.५०

शिळालेख साहेब, लय भारी! एक शंका. पोट्ट्यांना डायनासोरचं वेड असते, त्याचं काही करता येईल का? माझा नातू दुसरं काही बोलतच नाही.

---

शिळालेख | गुरुवार, सकाळी ८.००

येईल की. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे. तिथे डायनासोरची हाडं तर मिळालीच, दगड झालेलं शेणही मिळालं. त्या शेणात शास्त्रज्ञांना गवताचे सूक्ष्म कण सापडले. हे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. डायनासोरच्या काळी गवत उगवलेलंच नव्हतं असं तोवर मानलं जाई, ते वरोऱ्याच्या शेणानं बदललं. नातवाला सांगा, त्याच्या वेडाचं माहेर इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे.

---

रानवाटा | गुरुवार, रात्री ८.१५

जय सेवा. मी गडचिरोलीची, नोकरीसाठी नागपुरात. हा धागा वाचताना एक गोष्ट सारखी टोचत होती, म्हणून लिहिते.

आदिवासी दालन पोरं सगळ्यात भरभर पार करतात. का, ते मी सांगते. तिथल्या वस्तूंबद्दल कोणत्याही संग्रहालयात पाटी बोलते ती बाहेरच्या माणसाच्या तोंडानं: "आदिवासी दागिना", "आदिवासी वाद्य". कोणाचा, कोणत्या गावचा, कधी घालायचा, काढायचा कधी? माझ्या आजीच्या पेटीत तसाच गळ्यातला आहे. तिच्यासाठी तो "आदिवासी दागिना" नाही, तिच्या आईनं लग्नात घातलेली वस्तू आहे.

नागपूर वसवलं बख्त बुलंद शाह या गोंड राजानं. मग या शहरातल्या मुलांना गोंडी भाषा कानानं एकदा तरी ऐकू यायला नको का? ती द्रविड कुळातली, तेलुगूच्या नात्यातली आहे, हे नागपूरच्या किती जणांना ठाऊक आहे? ताई, तुमच्या आठ आवाजांतला एक माझ्या आजीला द्या. ती गोंडीत बोलेल, मागोमाग मी मराठीत सांगेन. येत्या रविवारी गावी जाणारच आहे.

---

धरमपेठची_मास्तरीण | गुरुवार, रात्री ८.२२

रानवाटा, डोळ्यांत पाणी आलं. हो, हो, आणि हो. आजीला माझा नमस्कार सांगा. त्यांचा आवाज पहिला ठेवते, आठवा नाही.

---

नॅरोगेज | शुक्रवार, सकाळी ५.४०

मी रेल्वेतून निवृत्त झालेला ड्रायव्हर, वय ७१. नातीनं हा धागा वाचून दाखवला, टाइपही तीच करत आहे.

अजब बंगल्यानंतर पोरांना कामठी रोडच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात आणा. २००२ ला सुरू झालं ते. पाहाले इंजिनं हायेत, डबे हायेत, पण सगळं मुकं. मला आत गेलं की तेच खटकते. वाफेचं इंजिन उभं असलं तरी गप्प नसे. श्वास घेत असे ते. फायरबॉक्सचं, म्हणजे कोळशाच्या भट्टीचं, दार उघडलं की गुरगुर वेगळी, चढावर वेगळी, उतारावर वेगळी. आमच्या छिंदवाडा लायनीवर घाटात शिटी दिली की समोरच्या डोंगरातून ती परत येई. २०१५ च्या शेवटी ती नॅरोगेज बंद झाली, आता मोठी लाइन झाली.

७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. तेवढ्या रुंदीच्या रुळांवर जलम गेला माझा. पोरांना पाटीवर "७६२ मिमी" वाचून काय समजणार? त्यांना दोन रुळांमध्ये हात पसरायला सांगा, कोणाचे पुरतात ते पाहा.

फोनमध्ये माझा आवाज घालायचा असेल तर मी येतो. शिटीचे इशारे तोंडानं काढून दाखवतो. जुने सोबती चार-पाचच उरलो, त्यांनाही आणतो.

---

कोडवाला | शुक्रवार, सकाळी ९.१०

काका, वाट पाहू नका. या रविवारी मी तुमच्याकडे चांगला माइक घेऊन येतो. हे आवाज सहलीपुरते नाहीत, जपून ठेवायचे आहेत.

---

आवाजी | शुक्रवार, सकाळी ९.३०

नॅरोगेज काका, ती रेकॉर्डिंग ऐकणाऱ्यांत माझा पहिला नंबर लावा.

---

धरमपेठची_मास्तरीण | चार आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०.१५

जाऊन आलो! दमलेय, पण आजच लिहायचं होतं.

बेचाळीस मुलं, दहा गट, दहा फोन. परवानगी आधीच मिळाली होती, फ्लॅश सगळ्यांचे बंद. इतवारीकर दादांचा नियम पाळला: कार्डावरची वस्तू सापडल्यावर आधी वहीत तिचं चित्र काढायचं, मगच फोन दप्तरातून बाहेर. तर्री_पोहे दादांनी सकाळी सातला खरोखर डबे आणले.

फसलेलं आधी सांगते. दोन कार्डांवरचे कोड मी फार छोटे छापले होते, ते वाचलेच गेले नाहीत, आकड्यांनी काम भागलं. एक आवाज मीच दोन मिनिटांचा केला होता. पाऊण मिनिटानंतर कोणी ऐकत नव्हतं, सगळी नजर इकडेतिकडे. मोठ्या आवाजात चार गट एकदम लागले तर गोंगाट होतो, पुढच्या वेळी गटागटाचा क्रम वेगळा ठेवायला हवा.

आता गुंगेरिया. "दांडा कसा बसवला असेल?" एवढंच विचारून आवाज थांबतो. एका गटात यावरून जी जुंपली! एक म्हणे डिंकानं, एक म्हणे हातातच धरत असतील. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, तास-तास तोंड उघडत नाही. त्याचे वडील लोहारकाम करतात. तो काचेशी गुडघ्यांवर बसला, खालून पाहिलं, बाजूनं पाहिलं. मग उठून म्हणाला, "लाकूड चिरायचं. चिरेत पातं घालायचं. वरून ओली वादी गुंडाळायची. वादी वाळली का आवळते." आणि दोन्ही तळहातांत वही धरून आवळून दाखवली. बाकीचे गट तिकडे जमले. त्याला ते पुन्हा तीनदा करून दाखवावं लागलं.

आजींचा आवाज लागला तेव्हा पोरं आधी हसली. कळत नव्हतं ना. मग मराठी आलं: "ही माझ्या आईनं मला घातली, तेव्हा मी तुझ्याएवढी होते." हसणं थांबलं. एका मुलीनं तो आवाज पाच वेळा लावला. दुपारी हिरवळीवर डबा खाताना ती मला हळूच म्हणाली, "मॅडम, माझी आजी पण असंच बोलते. मी वर्गात कधी सांगितलं नाही."

पावणेतीन तास आत होतो. आठातल्या सहा वस्तू झाल्या, दोन राहिल्या. पोरांनी स्वतःहून विचारलं, पुन्हा कधी यायचं.

---

रानवाटा | शनिवार, रात्री १०.४०

ताई, त्या मुलीला विचारा, तिच्या आजीचा आवाज घ्यायचा का. मी आणि कोडवाला येऊ. आता हे वाचून माझ्या आजीला फोन लावते, झोपली असेल तरी उठवते.

---

इतवारीकर | शनिवार, रात्री १०.५५

त्या लोहाराच्या पोराचं वाचून ऊर भरून आला. ताई, पुढच्या सहलीला एक गट मला द्या. फोन दुसऱ्या कोणाच्या हाती राहू द्या, मी पोरांसोबत मूर्तीसमोर बसतो.

---

नॅरोगेज | रविवार, सकाळी ५.३०

आमची रेकॉर्डिंग झाली. अकरा इशारे, घाटातली चढण, आणि फायरमन सोबत्यानं कोळसा टाकण्याची लय फावड्यानं वाजवून दाखवली. कोडवाल्यानं ती दोनदा घेतली, पहिल्यांदा मला खोकला आला होता.

मास्तरीणबाई, तुमचे पोट्टे कामठी रोडला कोणत्या शनिवारी येणार ते कळवा. आम्ही पाच जण फाटकाशी उभे राहू.